पाठ खोटं बोलत नाही

प्रिय टिल्लू,

सहा फूट उंचीच्या, पिकल्या मिशांच्या आणि स्वतःच्या इमारतीत स्वतःचाच भिंतभर फोटो असलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, हे मला कळतं. 'प्रिय मेजर' असं लिहून पाहिलं, पण पुढची ओळच सुचेना. तेव्हा टिल्लूच. शाळेत आम्हाला पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, पत्र कशासाठी लिहिलं ते पहिल्याच परिच्छेदात सांगावं, वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणं असभ्यपणाचं. त्यांनी माझं अक्षर सुधारलं, तेवढंच त्यांना जमलं. बातमी मात्र आधी सांगते. हे हॉस्पिटलात आहेत. मणक्याचं ऑपरेशन करायला हवं, आणि लवकर करायला हवं. उजवा पाय गेल्यातच जमा आहे, नाही केलं तर डावाही जाईल, असं इथल्या डॉक्टरीणबाई स्वच्छ शब्दांत म्हणाल्या. आणि हे नको म्हणतात. चिडून नाही, हट्टाने नाही. दुकानदाराने 'आणखी काही दाखवू का' विचारल्यावर आपण कसं म्हणतो, तसं हसून 'नको' म्हणतात.

हे आत्ता झोपलेत. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसून, जेवणाचा रिकामा ट्रे मांडीवर उपडा घालून लिहितेय. खिडकीतून हॉस्पिटलची धुलाईची खोली दिसते. तिथल्या बायका चादरी झटकता झटकता आपापल्या सासवांच्या नकला करतात आणि खिदळतात. शेजारच्या पलंगावर एक ट्रक ड्रायव्हर आहेत, ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं कण्हतात. हे त्यांच्याकडे कौतुकाने बघत असतात. परवा मला हळूच म्हणाले, 'किती मोकळेपणाने दुखतंय बघ यांना.' हे स्वतः कण्हत नाहीत. कूस बदलायची वेळ आली की माझ्याकडे पाठ करतात, चेहरा दिसू नये म्हणून. झोपलेत असं वर लिहिलं खरं, पण कदाचित झोपेचं सोंगही असेल. सोंग. हा शब्द सहज लिहून गेले आणि हात थांबला. आमच्या घरात तो शब्द कित्येक वर्षं कोणी उच्चारत नाही. तो तुझ्या सहीने आमच्या घरात आला, म्हणून हे सगळं तुला लिहिणं भाग आहे.

आई गेली तेव्हा तू नुकता शाळेत जायला लागला होतास आणि मी आमच्याच शाळेत मदरांच्या हाताखाली लहान मुलींना शिकवत होते. बाबा कायम फिरतीवर. शाळेचा वार्षिक अंक ज्या छापखान्यात जायचा तिथे हे मशीन खात्यात होते. मी प्रुफं आणायला जायची. यांचे हात शाईने काळे असायचे, म्हणून माझ्या कपड्यांना डाग लागू नये अशा बेताने कागद दोन बोटांच्या टोकांत धरून पुढे करायचे. 'एवढ्यावर भाळली आमची कॉन्व्हेंटवाली,' असं आत्या सगळ्यांना सांगत फिरायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाचं ठरवताना मी सांगून टाकलं, माझ्याबरोबर एक धाकटा भाऊ येईल. हे म्हणाले, 'किती धाकटा? खांद्यावर बसतो का?' तू बसलास. चांगला जड होईपर्यंत बसलास. छापखान्यामागच्या त्या दोन खोल्या आठवतात का तुला? मशीन सुरू झालं की कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, आणि तू पाढे त्या तालावर म्हणायचास. मशीन बंद असलं की तुला सातचा पाढा यायचा नाही.

तुझ्या हातातून वस्तू फार पडायच्या. पेन्सिल, चमचा, मोजे, एकदा तर काचेच्या बरणीतला मासा. तू उचलायचा नाहीस, दुसऱ्याच कशात तरी रंगलेला असायचास. हे आपले मागून यायचे, वाकायचे, उचलायचे, जागेवर ठेवायचे. मी रागवायची, 'त्याचं त्याला उचलू दे, सवय लागेल.' तर म्हणायचे, 'सवय मला लागली आहे, आता मोडायची कशाला?' पुढे तू मेडिकलला गेलास आणि आमच्या पलंगाखाली हाडांची पेटी आली. रोज संध्याकाळी कामावरून आले की हे त्या पेटीतला सुटा हात उचलून त्याच्याशी हस्तांदोलन करायचे आणि विचारायचे, 'काय, अभ्यास झाला का आज?' तू हसून हसून लोळायचास. आम्हाला मूल झालं नाही, त्याचं दुःख वाटून घ्यायला सवड मिळाली नाही इतका तू घरभर होतास. टिल्लू, हे सगळं मी तुझ्यावर उपकार चढवायला लिहीत नाही. पुढचं वाचताना हा माणूस डोळ्यांपुढे असावा, एवढंच.

मग तू लष्करात गेलास. का गेलास ते तू कधी नीट सांगितलं नाहीस. मला वाटतं, आमच्या दोन खोल्यांत तुझे पाय पसरेनात. पहिलं पोस्टिंग बर्फातल्या चौकीवर. तुझी पत्रं यायची, शाई गोठते म्हणून पेन्सिलीने लिहिलेली, आणि त्यात सगळा विनोद. स्टोव्हवर वितळवलेल्या बर्फाच्या पाण्याने केलेली दाढी, तंबूत घुसून बिस्किटं खाणारा कुत्रा, 'ताई, इथे माझ्यासारखा देखणा डॉक्टर शंभर मैलांत नाही, कारण दुसरा डॉक्टरच नाही.' पहिल्या रजेवर आलास तेव्हा मात्र विनोद संपलेला होता. तू स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिलास आणि भरदुपारी रडलास. एक जवान तुझ्याकडे आला होता, पाय उचलत नाही म्हणाला. तू विश्वास ठेवलास, त्याला खाली पाठवलंस. त्याच्या जागी गस्तीला जो गेला तो परत आला नाही. आणि खाली गेलेला जवान तिथे पोचल्यावर चेंडू खेळताना सापडला. तू म्हणालास, 'ताई, मला कोणी पुन्हा फसवू शकणार नाही.' मी तुझ्या केसांवरून हात फिरवला. हे दारात उभे होते, आत आले नाहीत. तू गेल्यावर मला म्हणाले, 'पोराने फार कठीण गोष्ट स्वतःला सांगून टाकली.' तेव्हा मला त्यांचं म्हणणं कळलं नव्हतं.

तू तुझा शब्द पाळलास. छावणीतल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला आलो होतो, तेव्हा सकाळची आजाऱ्यांची रांग मी व्हरांड्यातून पाहिली. ऐकू येत नाही म्हणणाऱ्याच्या मागे उभं राहून तू हळूच म्हणालास, 'पँटची बटणं उघडी आहेत,' आणि तो झटकन खाली बघायला लागला. हात बधिर झाला म्हणणाऱ्याला डोळे मिटायला लावलेस आणि सांगितलंस, 'टोचलेलं जाणवलं तर हो म्हण, नाही जाणवलं तर नाही म्हण.' तू टोचत गेलास आणि तो बिचारा प्रत्येक टोचणीला इमानेइतबारे 'नाही' म्हणत गेला. टोचलेलं कळल्याशिवाय 'नाही' कुठून येणार? जेवताना तू आम्हाला एकेक युक्ती सांगत होतास आणि हे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. 'आपला टिल्लू म्हणजे,' ते म्हणाले, 'याच्यापुढे यमसुद्धा कागदपत्रं घेऊन येईल.' मीही हसले. खरंच गंमत वाटत होती. आणि दुसऱ्या बाजूला हाच तू, सीमेवर चकमक झाली तेव्हा तंबूत उभं राहून न झोपता माणसं शिवत होतास. तुझं शौर्यपदक आमच्या काचेच्या कपाटात आलं. ते पुसायचं काम मी यांच्याकडून कधी काढून घेऊ शकले नाही.

लष्कर सोडून आलास तेव्हा बाजारपेठेत दवाखाना टाकलास. तो का चालला नाही ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं, तू सोडून. लोक दुखणं घेऊन यायचे आणि तू त्यांना सांगायचास, 'बाई, तुम्हाला काहीही झालेलं नाही, घरी जा आणि काम करा.' एक आजीबाई तर बाहेर येऊन म्हणाल्या, 'याच्यापेक्षा पोलीस चौकी बरी, निदान बसायला तरी सांगतात.' आम्ही हसलो. तू हसला नाहीस. आणि मग तुला ती कल्पना सुचली. कारखाने, गोदामं, कंपन्या, सगळीकडे माणसं दुखण्याच्या रजा घेतात. खरं दुखणं कोणाचं आणि खोटं कोणाचं, हे मालकांना सांगणारा कोणी हवा. टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तू सुरुवात केलीस. एक तपासणीचं टेबल, एक पडदा, आणि तुझ्याबरोबर लष्करातून निवृत्त झालेला तुझा तो मदतनीस, जो दारातच माणसाची चाल बघून तुला खोकून इशारा करायचा. आता ती इमारत आहे, सगळी काचेची, एकसारख्या कोटातले तरुण डॉक्टर आहेत. यांना त्याचा किती अभिमान होता, सांगता सोय नाही. छापखान्यात सगळ्यांना सांगायचे, 'आमच्या घरातलं पोर आहे.' म्हणून छापखान्याच्या मालकांनीही तपासणीचं काम तुलाच दिलं.

मग यांच्या पाठीचं झालं. कागदाचा मोठा रोल मशीनवर चढवताना कमरेत काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं, आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ गेली. पंधरवडाभर हे जमिनीवर सतरंजी टाकून पडले होते. मालकांनी रजेसाठी तपासणी करून आणा म्हणून सांगितलं. तुझ्याकडे दुसरे डॉक्टर होते. पण तू म्हणालास, भावोजींना मीच तपासणार, साहेबांचे भावोजी म्हणून हाताखालच्यांनी सोडलं असं कोणी म्हणायला नको. मी बाहेर बाकावर बसले होते. फार वेळ लागला नाही. हे बाहेर आले ते घामाने डबडबलेले, ओठ पांढरेफटक, आणि तरी तोंडावर हसू. मी विचारलं, 'काय म्हणाला?' तर म्हणाले, 'काही नाही गं, निघताना टिल्लूचं पेन पडलं, तेवढं उचलून दिलं. तो अजून तसाच आहे.' मला तेव्हा वाटलं, तपासणी झाली म्हणून आनंदात आहेत. तुझा निकाल दुसऱ्या दिवशी छापखान्यात पोचला. कामास योग्य. दुखणं असल्याचा पुरावा नाही.

पुढचं तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तू विचारलं नाहीस. हे परत मशीनवर गेले. रोल उचलवेना म्हणून दोघांना हाक मारायचे. दोघं यायचे, पण येताना एकमेकांकडे बघून. आयुष्यभर ज्यांना काम शिकवलं ती माणसं. कोणीतरी यांच्या चालीची नक्कल करायला लागलं. मग नाव पडलं, 'नाटक कंपनी'. 'काय, आजचा खेळ किती वाजता?' असं दारातच विचारायचे. एक दिवस हे डबा न उघडता परत आले आणि म्हणाले, 'उद्यापासून जात नाही.' नंतर कागदाच्या दुकानात गल्ल्यामागे बसायचं काम मिळालं. तू बऱ्याच महिन्यांनी आलास, फळांची टोपली घेऊन. मला तुला दारातून परत पाठवायचं होतं. पण हे भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, 'ये, ये, मेजर.' तू गेल्यावर मी बोलले, नको नको ते बोलले. तर म्हणाले, 'असं नको बोलू. त्याने हजारो माणसं तपासलीत. त्याला कळतं. माझंच काहीतरी मनाचं असेल.' टिल्लू, त्या दिवसापासून यांनी माझ्यासमोर पाठ धरली नाही. बूट बसून घालायचे, दार लावून. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचा रंग तपासल्यासारखं करायचे. मी विचारलं की म्हणायचे, 'ओल आली आहे वाटतं.' खरोखर दुखत असताना न दुखण्याचं नाटक हा माणूस वर्षानुवर्षं करत राहिला, आणि ते नाटक तुला एकदाही पकडता आलं नाही.

तुझ्या कंपनीच्या रौप्यमहोत्सवाला तू आम्हाला पहिल्या रांगेत बसवलंस. गाडी पाठवलीस. यांनी कोट काढून त्याला इस्त्री करून घेतली, काठीला नवीन रबर लावून घेतलं. तू छान बोललास. बर्फ, तंबू, टायरचं दुकान, सगळं सांगितलंस. मग म्हणालास, मी तुम्हाला माझी सगळ्यात आवडती युक्ती सांगतो. 'एकदा एक गृहस्थ आले. कंबर धरून, पाय ओढत, फार केविलवाणा चेहरा. मी सगळं तपासलं, हातोडीने, सुईने. माणूस पक्का. हो म्हणायचं तिथे हो, नाही तिथे नाही. मग मी म्हटलं, ठीक आहे, या आता. आणि ते वळल्याबरोबर माझं पेन खाली पाडलं. तर गृहस्थ टुणकन वाकले आणि पेन उचलून माझ्या हातात दिलं.' सभागृह हसलं. तू थांबलास, हसू ओसरू दिलंस, आणि म्हणालास, 'माणसाचं तोंड खोटं बोलतं. पाठ खोटं बोलत नाही.' काय टाळ्या पडल्या. हेही टाळ्या वाजवत होते. मग त्यांच्या टाळ्यांचा वेग कमी झाला, आणि मग नुसतेच दोन्ही हात एकमेकांवर ठेवून बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. गाडीत काठी दोन्ही गुडघ्यांत उभी धरून बसले. मग म्हणाले, 'पद्धत चांगली आहे, नाही का?' आणि पुढच्या चौकात, खिडकीबाहेर बघत, 'पण वाकलो तेव्हा फार दुखलं होतं गं.' इतक्या वर्षांत एवढं एकच वाक्य.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ती गोष्ट तू सांगितलीस ती कोणाची हे विसरून, की लक्षात ठेवून? लक्षात ठेवून सांगितली असशील तर तू क्रूर आहेस. विसरून सांगितली असशील तर त्याला काय म्हणायचं हे मला अजून सापडलेलं नाही, पण मला तेच जास्त लागतं. तुझी युक्ती बरोबर असेल. इतर सगळ्यांसाठी बरोबर असेल. पण ज्याने तुझ्या पेन्सिली, चमचे, मोजे उचलण्यात अर्धं आयुष्य घालवलं, त्याच्यापुढे तू पेन टाकलंस. तो माणूस मेला असता तरी आधी वाकला असता. हे जगात फक्त तुला कळायला हवं होतं.

आता इथलं. गेल्या महिन्यात यांची उजवी चप्पल रस्त्यात राहिली आणि हे अनवाणी घरी आले. चप्पल गेलेली कळलीच नव्हती. मग गरम पाण्याच्या पिशवीने तळपाय भाजला, फोड आले, तेही मलाच दिसले. तेव्हा ओढून इथे आणलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला फटकळ, हाताने मऊ. त्यांनी यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला सुई लावत विचारलं, 'कळतंय?' हे म्हणाले, 'हो.' पुन्हा, 'हो.' प्रत्येक वेळी, 'हो, हो.' बाई गोंधळल्या. मग त्यांनी सुई बाजूला ठेवली, हात मागे घेतले आणि नुसतंच विचारलं, 'आता?' हे म्हणाले, 'हो.' बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना काय सांगणार? तुझी छावणीतली युक्ती यांच्या लक्षात होती. नाही म्हटलं तर आपण पकडले जाऊ, असं यांना वाटलं. खरा बधिर झालेला पाय, आणि हे त्यात जीव असल्याचं सोंग करत होते, लबाड ठरू नये म्हणून. मी वॉर्डाबाहेर जाऊन नळ सोडून उभी राहिले.

फोटो काढले. बाईंनी आम्हाला दोघांना दिव्यावर धरून दाखवले. मणक्यातली गादी सरकलेली, शिरेवर बसलेली, आणि तिच्याभोवती हाड वाढलेलं. 'हे आजकालचं नाही,' त्या म्हणाल्या, 'बरीच वर्षं जुनं आहे. कोणाला दाखवलं नाही का?' हे पटकन म्हणाले, 'दाखवलं होतं ना, माझ्या मेहुण्याने तपासलंय. मोठा डॉक्टर आहे. त्याला काही सापडलं नाही.' बाई म्हणाल्या, 'आजोबा, मला सापडतंय, हे बघा इथे.' तर हे त्या फोटोकडे दुसऱ्याच कोणाच्या घराचा नकाशा दाखवल्यासारखे बघत राहिले. ऑपरेशनला नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशी नको. काल मी शेवटी त्यांचा हात धरून विचारलं, भीती वाटते का? भूल द्यायची, कापायचं, याची? मान हलवली, नाही. मग? बराच वेळ पांघरुणाची शिवण बोटाने चाचपत होते. मग म्हणाले, 'उघडलं आणि आत काहीच निघालं नाही, तर?'

तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तिथल्या मुलीने फार गोड आवाजात विचारलं की प्रकरण तपासणीचं आहे की तक्रारीचं. मी म्हटलं, घरचं आहे. ती म्हणाली, घरचं असा प्रकार आमच्याकडे नाही, मेजरसाहेब दौऱ्यावर आहेत, निरोप ठेवते. तिचा दोष नाही. म्हणून पत्र, आणि ते तुझ्या घरी, तुझ्या बायकोच्या हातात; तू असशील तिथे ती पोचवेल.

कशासाठी लिहिलं ते आता सांगते. तू येऊन माफी मागावीस म्हणून नाही. मागितलीस तर हे तुझीच समजूत घालत बसतील. चूक झाली असं म्हणालास तर त्यांना वाटेल, मीच तुला भरीला पाडलं, आणि ते ऑपरेशनला आणखीच नको म्हणतील, कारण या जगात त्यांचा विश्वास बसेल असा एकच डॉक्टर आहे आणि तो चुकत नाही. म्हणून तू असं कर. ये, यांना तपास, चांगला सावकाश तपास, बाईंचे फोटो हातात घे, आणि सांग की भावोजी, तेव्हा तुम्हाला काहीही नव्हतं, माझा निकाल बरोबर होता, हे सगळं अलीकडे झालंय आणि आता ऑपरेशन करायलाच हवं. हे खोटं आहे, आणि खोटं कसं बोलतात ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. यांचं खरं तू मानलं नाहीस, पण तुझं खोटं हे एका क्षणात मानतील, आणि इतक्या आनंदाने मानतील की तुला बघवणार नाही, तरी तू बघ. बाईंशी मी बोलले आहे, त्या गप्प राहतील. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मान डोलवीन. पुढे कोणीही विचारलं तरी मी हेच सांगेन की माझ्या भावाचा निकाल बरोबर होता. त्यांच्या डाव्या पायाच्या बदल्यात मी हे आयुष्यभर सांगायला तयार आहे. तेवढं करून तू जा, आणि मग येऊ नकोस. पण आधी ये. बाईंनी शनिवारपर्यंत ऑपरेशनचं टेबल राखून ठेवलं आहे.

तू येऊन जाईपर्यंत तुझीच,
ताई